रॅमभाऊ

वर्ध्यात विद्यार्थ्याचा लॅपटॉप एका दिवसात मरत नाही. आधी बिजागरी जाते, मग बॅटरी, मग 'एन्टर'चं बटण. चार्जरची पिन ठरावीक कोनात राहिली तरच दिवा लागतो, म्हणून तिच्याखाली चप्पल सरकवलेली असते. बुडाखाली बाटलीची चार झाकणं, कारण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खोलीतला माणूस आणि यंत्र जोडीनंच बंद पडतात. हे सगळं विद्यार्थी विनातक्रार चालवून घेतो. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री पडदा निळा झाला की मात्र तो अनवाणी उठतो आणि रॅमभाऊचं दार वाजवतो.

रॅमभाऊ प्रत्येक होस्टेलात असतो. सेवाग्रामच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असतो, पिपरीला असतो, टेकडीवरच्या हिंदी विश्वविद्यालयात पीएचडी करत असतो, आणि रामनगरातल्या भाड्याच्या खोल्यांत तर हमखास. शिक्षण बहुधा मेकॅनिकल नाहीतर सिव्हिल. कॉम्प्युटर शाखेचा रॅमभाऊ मी पाहिलेला नाही. त्या पोरांना कोडिंग येतं, पेचकस धरता येत नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त हॉलतिकिटावर उरलेलं असतं.

"काय झालं बे?"

"लय स्लो चालून राहिला, भाऊ. आता नवीनच घ्या लागते."

"नवीन कायले? बाप आमदार हाय काय तुहा?"

त्याचा नियम असा की आधी इलाज, मग बदली. तो लॅपटॉप पालथा घालतो, निघालेले स्क्रू गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकतो आणि झाकण उचलतो. हिंगणघाटच्या एका पोराचा लॅपटॉप त्याने उघडला तेव्हा पंख्यात एवढी रुई निघाली, की सगळे बघतच राहिले. तो लॅपटॉप आधी पोराच्या मोठ्या भावाने जिनिंगच्या ऑफिसात वापरला होता. "सरकी तेवढी बाकी हाय, नाहीतर गाठ बांधून मार्केटात नेली असती," रॅमभाऊ म्हणाला. मग पंखा साफ, प्रोसेसरवर नवी पेस्ट, आणि मिनिटाला 5400 फेऱ्या मारून दमलेल्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. निम्मी पोरं एवढ्यावर बरी होऊन जातात. फी म्हणजे सकाळी एक प्लेट तर्री पोहे, वरून तर्री मागून घेण्याच्या हक्कासह.

उरलेल्या निम्म्यांना तो खरं ते सांगून टाकतो. विंडोज दहाचा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अकरासाठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि समोरच्या डब्यात असते चौथी. "तेरवी करून टाक," तो म्हणतो. लिनक्स मिंट टाकून देण्याची त्याची तयारी असते, पण सिव्हिलच्या पोराला ऑटोकॅड लागतं आणि ते लिनक्सवर बसत नाही. मग प्रश्न येतो बजेटचा. ते वीस हजारांच्या आत असतं आणि बाबांचा कापूस विकला गेल्यावर मिळणार असतं. त्यामुळे बाजार समितीतला भाव पोरापेक्षा रॅमभाऊच जास्त लक्ष देऊन बघतो.

एवढ्या पैशात नवा लॅपटॉप येतच नाही असं नाही. येतो, पण रॅमभाऊ तो घेऊ देत नाही. त्याची रॅम बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही, आणि या गोष्टीचा त्याला वैयक्तिक राग आहे. त्याचा भरवसा कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेल्या मालावर: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक. हा माल बघायला नागपूरला, सीताबर्डीला जायचं. दुकानदार म्हणतो, "आय-फाईव्ह आहे." रॅमभाऊ म्हणतो, "स्टिकर तर माह्या टिफिनवर पण हाय. पुढचा आकडा सांगा." आय-फाईव्हच्या पुढे 8350 असेल तर आठवी पिढी, 3320 असेल तर तिसरी, आणि तिसरीवाल्याने घरी जावं.

मग तपासणी. नोटपॅड उघडून एकेक बटण दाबायचं. पडदा पांढरा करून काळे ठिपके शोधायचे. प्रत्येक पोर्टात पेन ड्राइव्ह घालायचा. बायोसला जुन्या कंपनीचं कुलूप तर नाही ना, ते बघायचं. शेवटी बॅटरीचा रिपोर्ट काढायचा: जन्मतःची क्षमता एवढी, आजची एवढी. दुकानदार चहा मागवतो, रॅमभाऊ तो पितो आणि भाव तरीही पाडून मागतो.

एकदा मात्र त्याला जोडीदार भेटला. देवळी तालुक्यातल्या एका पोराचे वडील पैसे घेऊन स्वतःच आले होते. लॅपटॉप त्यांनी बैलबाजारातल्यासारखा चारी बाजूंनी न्याहाळला, झाकण दोनदा उघडलं-मिटलं, बिजागरीला कान लावला.

"हे कोन वापरत होतं?"

"कंपनीचा माल आहे, काका. बेंगळुरूचा."

"मंग कंपनीनं विकला काहून?"

दुकानदार क्षणभर गप्प झाला. रॅमभाऊच्या तपासणीत हा प्रश्नच नव्हता. त्याने तो तिथल्या तिथे यादीत घेतला.

"किती वर्षं चालंन?" काकांनी आता त्याच्याकडे मोर्चा वळवला. आणि इथे रॅमभाऊला गांधीजी आठवले. वर्ध्याच्या पोराला ते कुठेही आठवू शकतात, पण याने मगनवाडीतल्या संग्रहालयात चरखे खरोखरच वाकून वाकून बघितले होते. 1929 साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, उचलून नेता यावा, झोपडीत चालावा, वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाचा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. माझ्या मते आजच्या कुठल्याही लॅपटॉपच्या जाहिरातीपेक्षा या अटी जास्त कामाच्या आहेत. रॅमभाऊने दुकानात त्या एकामागून एक म्हणून दाखवल्या आणि म्हणाला, "वीस वर्षांची ग्यारंटी नाही काका, चार वर्षं चालते. पण खोलून दुरुस्त होते."

"खोलता येते नं? मंग द्या," काका म्हणाले, आणि बनियनच्या खिशातून नोटा काढून पुन्हा पुन्हा मोजायला लागले.

असा हा माणूस शेवटी पास होतो. मागच्या साली एक रॅमभाऊ हिंजवडीला लागला. कंपनीने कोरा करकरीत लॅपटॉप दिला, आणि तो खोलायची सक्त मनाई. साधं कॅल्क्युलेटर टाकायचं तर आयटीवाल्यांकडे अर्ज करायचा. सुरुवातीला तो रोज रात्री होस्टेलवर फोन करून विचारायचा, कुणाचा बिघडला का रे? आता जरा सावरलाय. लॅपटॉप ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करत नाही, उन्हात ठेवत नाही, जवळ बसून कुणाला चहा पिऊ देत नाही. सोबतचे हसतात, कंपनीच्या वस्तूवर एवढी माया कायले?

"अबे, तीन वर्षांनी हा सीताबर्डीत येईन," तो सांगतो. "आपल्याच पोट्ट्याले भेटन. बॅटरी चांगली पायजे नं."