शत्रूची कातडी

गेममधला शत्रू रंगवणं म्हणजे आता डाव्या हाताचा मळ. हिरवा राक्षस दोन फटक्यांत आडवा होतो. तोच लाल केला की पाच फटके खातो. जांभळा केला की थेट शेवटच्या पातळीचा सरदार! हाडं तीच, चाल तीच, डरकाळीही तीच. फक्त रंग बदलला की पगारवाढ.

मग पडद्यावरचा दुष्ट उभा करायला कोल्हापूरकरांनी उगाच कष्ट उपसले म्हणायचे. बाबूराव पेंटरांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’ या मूकपटात महाभारतातला कीचकवध रंगाविना, आवाजाविना झाला, तरी तो इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री चालवली. पुढे १९३३मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ नव्याने, रंगीत करायला घेतला. प्रक्रियेसाठी फिल्म जर्मनीला नेली, आणि रंगच बिघडले.

आज पडद्यावर १ कोटी ६७ लाख छटा हजर आहेत. तरी दुष्ट माणसासाठी कर्सर धावतो तो काळ्या-सावळ्या कोपऱ्याकडेच. नायक मात्र वधूवर मेळाव्याला निघाल्यासारखा गोरापान. कीचकाची खोट नजरेत होती, कातडीत नव्हे. पण नजर रंगवायला चित्रकार लागतो. कातडीला एक क्लिक पुरते.