दवाखान्याचे चिंचोके

आमच्या वसमतच्या घरात आजीचा एक पितळी डबा आहे. त्यात मूठभर चिंचोके. गुळगुळीत, गर्द तपकिरी, हात फिरून फिरून लकाकी आलेले. परसात चिंचेची दोन झाडं असताना हे कशाला सांभाळायचे, असं कुणी विचारलं की आजी डबा मिटून म्हणायची, "हे दवाखान्याचे हाईत." जणू ते डॉक्टरनंच लिहून दिले होते.

दवाखाना म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा आपला दावा आणि आपलं दुखणं, दोन्हीही शेवटी हैदराबादलाच जायचं. आजोबांचा मोडलेला पाय पूर्णेला गाडी बदलून तिकडे गेला आणि दीड महिना आत पडून राहिला. आजी बाहेर, चिंचेखाली. तीन दगडांची चूल, वर भाकरी. चिंचेखाली निजलं की भूत धरतं, हे तिला ठाऊक होतं. पण इतक्या बीमार माणसांत भूतही कुणाकुणाला धरणार, असा तिचा हिशेब.

त्या आवारातली एक चिंच फार मोठ्या मनाची. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदी शहरात शिरली, हजारो माणसं गेली, आणि या झाडाच्या फांद्यांना धरून दीडशेएक जण वाचले, असं सांगतात. नदीकाठचा जुना अफजलगंज दवाखाना वाहून गेला. भुलीच्या क्लोरोफॉर्मवरच्या प्रयोगांनी १८८८-८९ मध्ये ज्या हैदराबादेनं विलायतेतल्या डॉक्टरांना वाद घालायला लावलं, तिथं त्या दिवशी एकही परीक्षा न दिलेलं झाड कामाला आलं. पुढं सातव्या निजामानं व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाकडून उस्मानियाची इमारत उभारून घेतली. तिचे घुमट आजीला लग्नघरी पालथे घातलेल्या हंड्यांसारखे वाटत.

२०१५ साली तिथल्या सरकारनं ही इमारत पाडून तिथं उंच मनोरे बांधायचं काढलं आणि इमारतच पेशंट झाली. उशाशी नातेवाईक जमावेत तसे जाणकार जमले. एक म्हणे, आता काही खरं नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या इंटॅक संस्थेची माणसं म्हणाली, डागडुजी करा, अजून पुष्कळ आयुष्य आहे. केसपेपर कोर्टात गेला. २०२० च्या जुलैत वॉर्डांत पाणी शिरलं आणि खऱ्या पेशंटांना तिथून हलवलं. अखेर जानेवारी २०२५ मध्ये नव्या दवाखान्याची पायाभरणी शहरातच गोशामहलला झाली. जुनी वास्तू वारसा म्हणून राखायचं ठरलं.

बातमी वाचून मला बरं वाटलं. मग जरा चुकचुकल्यासारखंही झालं. ज्या ओसरीवर कण्हणं, खोकणं, स्टोव्हची भरभर आणि कुणाच्या तरी आजीची भाकरी, तिथं आता म्हणे शांतता नांदणार. वाचवलं तर खरं, पण डब्यात ठेवल्यासारखं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी डब्यातला एक चिंचोका काढून अंगणात पुरला. आई म्हणाली, "इतक्या वर्षांचा चिंचोका कुठं उगवतोय?" अजून काही दिसलेलं नाही. पण मिरच्या वाळत घालताना ती तेवढी वीतभर जागा सोडते.