पाणी बघून येतो

नळदुर्गला नर-मादी चालू झाले, ही बातमी अक्कलकोटात पोचली की पहिला फायदा मोटारसायकलींच्या चेनला होतो. वर्षभर खडखड करत फिरलेल्या चेनला त्या दिवशी तेल मिळतं. दुसरा फायदा जॅकेट विकणाऱ्याला.

लोणावळ्याकडच्या माणसाला धबधब्याचं काय कौतुक? तिकडे जूनमध्ये डोंगराच्या घडीघडीतून पाणी गळतं. आमच्याकडे धबधबा नवसाने होतो. आधी परतीच्या पावसाला आमची आठवण यावी लागते, मग नळदुर्गच्या वरचं बोरी धरण भरावं लागतं, भरून सांडावं लागतं, आणि ते पाणी किल्ल्यातल्या जुन्या बंधाऱ्यावर चढावं लागतं. तेव्हा कुठे नर आणि मादी अशा दोन धारा खाली कोसळतात. यातली एक पायरी हुकली की नर-मादी दोघंही वर्षभर बिनपगारी रजेवर. म्हणून बातमी आली की घाई.

ग्रुप तयार होतो. नाव ‘रायडर्स’. सभासद एकतीस, त्यातले ‘फिक्स’ म्हणणारे तेवीस, नुसता अंगठा दाखवणारे पाच, उरलेले तीन कुठल्या ग्रुपात आहोत हेच विसरलेले. रविवारी सकाळी सहाला जमायचं ठरलं. सव्वासहाला मी एकटा. साडेसहाला फोन केला तर एक म्हणाला, ‘निघूलालो बे, दोन मिनिटं!’ मागे आंघोळीच्या बादलीचा आवाज. दुसरा कानडीत ‘बर्तीनि, बर्तीनि’ म्हणाला आणि आला तो पावणेआठला. आमच्या गावात उशीर दोन भाषांत होतो. शेवटी अकराजण जमले, सात गाड्यांवर.

गाड्या म्हणजे दोन बुलेट, एक पल्सर, बाकी स्प्लेंडर. पोशाख मात्र सगळ्यांचा बुलेटचा. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, हातमोजे, आणि हेल्मेट आरशाला लटकवलेलं. केस बिघडतात. डोक्याचं काय, ते गेलं तर फोटोत दिसत नाही.

अक्कलकोट ते नळदुर्ग अंतर चाळीसेक किलोमीटर. चपळगाव येईपर्यंत आम्ही तीनदा थांबलो. एकदा चहाला, एकदा एकाच्या स्प्लेंडरची क्लचवायर तुटली म्हणून, आणि एकदा रस्ता फोटोत चांगला दिसत होता म्हणून. या तिसऱ्या थांब्यावर दोन्ही बाजूंना कॅन लावलेला एक दूधवाला आम्हाला मागे टाकून गेला. हातमोजे नाहीत, कवच नाही, गाडी तीच स्प्लेंडर. तो हा रस्ता रोज कापत असणार. त्याला कोणी रायडर म्हणत नाही, दूधवाला म्हणतात. त्याने आमच्याकडे एकदाच पाहिलं, गाडी बंद पडली असेल अशा काळजीने.

थोडा इतिहास सांगतो, कारण पोटात दुखतं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाविरुद्धची पोलिस कारवाई सुरू झाली. भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबादच्या रस्त्याने निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल त्यांच्या ताब्यात आला. पूल साबूत. तेव्हा अक्कलकोट संस्थान विलीन होऊन हिंदुस्थानात आलं होतं आणि चाळीस किलोमीटरवरचं नळदुर्ग निजामाचं होतं. म्हणजे आमच्या आजोबांच्या लेखी नर-मादी परदेशात. समोर शत्रू असूनही फौजेने तो किल्ला एका दिवसात घेतला. आमच्यासमोर फक्त भजी होती, तरी किल्ल्याच्या दारात पोचायला आम्हाला पावणेबारा वाजले.

या भागात खरा फिरस्ता एकच, खंडोबा. वर्षातला काही काळ मुक्काम नळदुर्गला, बाकीचा अणदूरला, आणि या ये-जेचा दोन्ही गावांत चक्क लेखी करार. आमच्यात पेट्रोल कोणी भरायचं एवढंही तोंडी ठरत नाही.

आता किल्ला. इथे मात्र तिरकस लिहिताना जीभ अडखळते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या माणसाने बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घातला. मुख्य किल्ला आणि नदीपलीकडचा रणमंडळ हा उपकिल्ला यांना जोडणारा. एवढ्यावर थांबला असता तर त्याला आपण चांगला ओव्हरसिअर म्हटलं असतं. त्याने बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला. पायऱ्या उतरून आत जायचं, नक्षीच्या सज्जात उभं राहायचं. डोक्यावरून नदी जाते, समोर पाण्याचा पडदा पडतो, आणि आपण कोरडे. बांधाची भिंत फोडून खिडकी ठेवायची आणि चारशे वर्षांत ती भिंत ढळू द्यायची नाही, हे काम करणाऱ्याने टेंडर कुठल्या भाषेत भरलं होतं ते शोधायला हवं.

इब्राहिम गाण्याचा वेडा होता, ‘किताब-ए-नवरस’ त्याच्याच नावावर आहे. असा माणूस त्या सज्जात बसला तर काय ऐकत असेल? आम्ही सज्जात गेलो तेव्हा एकाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये ब्लूटूथ स्पीकर होता आणि त्यावर डीजेचं गाणं. एवढी मोठी नदी कोसळत होती, तरी स्पीकर तिला पुरून उरला. खिडकीतून पस्तीस-चाळीस हात बाहेर, प्रत्येक हातात मोबाईल, आणि सगळ्यांची पाठ पाण्याकडे. मीर इमादीनने हा महाल पाण्याकडे तोंड करून बसायला बांधला होता, ही त्याची एकच चूक.

आमच्या ॲडमिनने केस नीट केले, हेल्मेट काखेत धरलं (इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला) आणि नराकडे पाठ करून पंधरा फोटो काढून घेतले. मग विचारलं, ‘यातली मादी कुठली?’ तीन जणांनी तीन दिशांना बोटं दाखवली.

पाणी खाली पडून पुढे कुठे जातं, हे कोणी विचारलं नाही. बरंच झालं. बोरी नदी नळदुर्गहून उतरते ती थेट आमच्याच तालुक्यात. कुरनूर धरणात थांबते, आणि तिथून अक्कलकोटच्या नळाला येते. म्हणजे जे पाणी घरी चालत येणार होतं, त्याला भेटायला आम्ही पेट्रोल जाळत गेलो. लग्नाच्या वऱ्हाडाला वेशीवर सामोरं जातात हे ऐकून होतो. चाळीस किलोमीटर पुढे जाऊन त्याच्याबरोबर फोटो काढून, त्याला तिथेच सोडून येणारे आम्हीच. कुरनूरचं धरण भरून सांडतं तेव्हा यातला एकही रायडर तिकडे फिरकत नाही. ते फारच जवळ आहे. आणि त्याला नर-मादी नाहीत, नुसते दरवाजे आहेत.

ऑक्टोबर २०२०मध्ये मात्र हीच बोरी स्वतः सहलीला निघाली. काठच्या गावांत शिरली, उभी पिकं घेऊन गेली, शेतातली माती घेऊन गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सांगवी खुर्दपर्यंत पाहणीला आले होते. त्या आठवड्यात नदीला कोणी धबधबा म्हणालं नाही, ‘येवा’ एवढाच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, तोही क्युसेकमध्ये. आमच्यातल्या एकाचं रान काठावर आहे. सज्जात तोच एकटा जरा मागे उभा होता. फोटो काढ म्हटलं तर म्हणाला, ‘माझ्याकडे आहेत, त्या वेळचे.’

परत यायला अंधार पडला. आई ओसरीवर बसली होती. तिने नर-मादी ऐंशीच्या दशकात एकदा पाहिलेत, एसटीने जाऊन. म्हणाली, ‘फोटो नकोत रे, डोळ्याला दिसत नाही नीट. पाण्याचा आवाज तेवढा ऐकव.’

मी एकेक व्हिडिओ लावला. एकात डीजे, दुसऱ्यात डीजे, तिसऱ्यात ॲडमिन ‘हाय गाईज’ म्हणतोय, चौथ्यात पुन्हा डीजे. एकूण छत्तीस व्हिडिओ. पाण्याचा आवाज एकातही नाही. आई वाट बघत बसली होती.

तेवढ्यात अंगणातला नळ गुरगुरला, आधी नुसती हवा, मग फुसफुस, मग धार. आई म्हणाली, ‘ठेव तो मोबाईल, घागर आण.’