अंजिराची गुटी: केळीवाल्यांसाठी पहिला धडा

अर्धापुरात वाढलात म्हणजे लाडावलेले आहात. केळीच्या बुडातून मुनवे आपोआप फुटतात, आपण फक्त कोयता चालवायचा. अंजीर असं फुकट काही देत नाही. तशी त्याची काडी मातीत खोचली तरी मुळं धरते, पण काडी खोचणाऱ्याला गल्लीत कोण विचारतं? गुटीच बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवा.

आधी झाड. शेजारच्या काकांचं उत्तम, विशेषतः ते सासवडहून आणलेलं असेल तर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे काका तुम्हाला ऐकवतीलच. ऐकून घ्या, मग "एकच फांदी" म्हणा.

जुलैत, पाऊस लागला की, पेन्सिलीएवढी गेल्या वर्षीची फांदी धरा. धारदार चाकूने इंचभर रुंदीची साल गोल सोलून काढा. पांढरा चीक गळेल. हाताला लागला तर खाज सुटते, डोळ्याला तर लागूच देऊ नका.

सगळे फसतात ते इथे. साल निघाली की काम झालं असं वाटतं. खालच्या लाकडावर निसरडा थर उरतो, तो चाकूच्या पाठीने खरवडून टाका. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. ती वाट तुटली की ते वरच्या कडेला साठतं आणि तिथून मुळं फुटतात. थर राहिला तर साल पुन्हा जुळते. माझी पहिली गुटी दोन महिन्यांनी सोडली, तर मूळ एकही नाही, आणि साल अशी सांधलेली की हाडवैद्याने पाहत राहावं.

वरच्या कडेला मूळ फुटवायची पावडर चोळा. ओलं शेवाळ घट्ट पिळून मुठीएवढा गोळा बसवा, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून. सैल राहिलं की मुंग्या बिनभाड्याच्या राहायला येतात.

मग महिना-दीड महिना हात लावायचा नाही. प्लास्टिक पारदर्शक घेतलं ते बाहेरून बघायला. आई पाचव्या दिवशी विचारेल, "लागली का रे?" तिला केळीचीच सवय.

आत मुळांची जाळी दिसली की गुटीच्या खालून कापा, अर्धी पानं छाटा, प्लास्टिक सोडा (हे विसरणारेही आहेत) आणि मातीच्या पिशवीत लावून सावलीत ठेवा. काकांना रोप दाखवायला जाल तेव्हा त्यांचं लक्ष झाडावरच्या खुंटाकडेच जाईल. केळीची एक फणी सोबत न्या.