नसलेल्या पैशांचं व्याज

बँका गरिबाला दारात उभं करत नाहीत, ही जुनी तक्रार आता मागे घ्यायला हवी. बँकांनी त्याच्यासाठी अशी सोय काढली आहे की त्याला कर्ज न घेताच व्याज भरता येतं. गावच्या सावकाराला हे कधी सुचलं नाही. तो बिचारा आधी पैसे द्यायचा आणि मग व्याज मागायचा.

हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे. मोठ्या बँका सध्या बचत खात्यावर वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देतात. आता असं धरा, की खाजगी बँकेत दहा हजारांची मासिक सरासरी शिल्लक ठेवायची अट आहे आणि तुमची सरासरी पाच हजारच भरली. अनेक ठिकाणी दंड तुटीच्या सहा टक्के असतो, वर पाचशे-सहाशेची मर्यादा. म्हणजे तीनशे रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५४ रुपये. महिन्याला ३५४, वर्षाला ४,२४८. तुमच्याकडे जे पाच हजार आहेत त्यांवर बँक तुम्हाला वर्षाचे सव्वाशे रुपये देते आणि जे पाच हजार नाहीत त्यांवर सव्वाचार हजार घेते. असलेल्या पैशांचा दर अडीच टक्के, नसलेल्यांचा पंच्याऐंशी. शेअर बाजारात कुणी पंच्याऐंशी टक्क्यांचं आश्वासन दिलं, तर सेबी त्याच्या मागे लागेल.

आम्ही राहतो त्या चेन्नईच्या वेलचेरीत या व्याजाचे ग्राहक गल्लोगल्ली आहेत आणि त्यातले बरेचसे गरीब नाहीत. तरमणी आणि जुना महाबलीपुरम रस्ता इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या आयटी कंपन्यांत माणूस दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतो आणि प्रत्येक कंपनी सांगते, खातं आमच्याच बँकेत उघडा. नोकरी असेपर्यंत ते सॅलरी अकाउंट असतं. शून्य शिल्लक चालते, कार्ड फुकट, वाढदिवसाला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज. नोकरी सुटून दोन-तीन महिने पगार आला नाही की त्याच खात्याचं गुपचूप साधं बचत खातं होतं आणि मीटर पडतो. आमच्या इमारतीतल्या एका तरुणाच्या अशा मागे राहिलेल्या खात्यांची यादी त्याच्या बायोडेटापेक्षा लांब आहे. नोकरी नसलेल्या माणसाला पैशांची शिस्त सर्वांत जास्त लागते, हे बँकेने बरोबर ओळखलं आहे.

आमच्या घरी हा मीटर बायकोने पाहिला. खात्याच्या उताऱ्यात एक ओळ होती, इंग्रजी आद्याक्षरांची, क्षेपणास्त्राच्या नावासारखी. तिचा अर्थ लागल्यावर तिने जाहीर केलं की आपण स्वस्त बँकेत जायचं. कुठली स्वस्त, ते आधी कागदावर मांडायचं. विजयनगरच्या बस स्टँडपासून फिनिक्स मॉलपर्यंत चालत गेलं तर कॉफीच्या दुकानांना स्पर्धा देतील इतक्या बँका लागतात, तेव्हा निवडीला वाव होता.

शुल्कांचा तक्ता ही भारतीय बँकांनी वाङ्मयाला दिलेली देणगी आहे. एका बँकेची सरासरी महिन्याची, दुसरीची तिमाहीची. एकीकडे चेकबुकाची दहा पानं फुकट, दुसरीकडे पंचवीस, पण वर्षातून एकदाच. शाखेत रोख भरायचे चार व्यवहार मोफत, मात्र रक्कम अमुकच्या वर गेली की चौथा व्यवहार पहिला समजावा. सही तीच आहे हे बँकेने लिहून दिलं तर शुल्क, पासबुक हरवलं तर शुल्क. सगळ्यांत मला आवडलं ते असं: दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये पैसे काढायला गेलात आणि खात्यात तेवढे नव्हते, तर पैसे मिळाले नाहीत याचे पैसे. प्रत्येक ओळीवर चांदणी आणि चांदणीचा अर्थ शेवटच्या पानावर, मुंगीने लिहिल्यासारखा. बायकोच्या एक्सेलमध्ये रकाने वाढत गेले आणि शेवटी कुठल्याच दोन बँका एका रकान्यात बसेनात. बँकांना तक्ता जाहीर करण्याची सक्ती आहे. तो समजावा अशी कुठे आहे?

मासिक सरासरीची तर वेगळीच मौज. रोज रात्रीची शिल्लक मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. म्हणजे दहा हजारांची अट असेल तर तुम्ही एका रात्री तीन लाख ठेवा, उरलेल्या एकोणतीस रात्री खातं रिकामं ठेवा. तुम्ही आदर्श ग्राहक. महिनाभर इमानाने नऊ हजार ठेवणारा मात्र गुन्हेगार. ज्याच्याकडे एका रात्रीपुरते तीन लाख असतात त्याला दंड नको, हे तत्त्व आपल्याकडे इतरत्रही पाळलं जातं.

वरच्या मजल्यावर सरकारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळी इमारत त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. त्यांनी तक्ता चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "सार, यात एटीएमचा रकाना कशाला? तो रिझर्व्ह बँकेचा आहे, सगळीकडे सारखा." खरं होतं. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत, अधिक कर. रिझर्व्ह बँकेच्या या यादीत महानगरं सहाच: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद. वेलचेरी हे एके काळचं तळ्याकाठचं गाव महानगरात मोडतं, पुणे मोडत नाही. पुण्याच्या नातेवाइकांना ही बातमी मी अजून दिलेली नाही. दोन व्यवहार जास्त मिळतात म्हणून आनंद मानायचा की अपमान, यावर तिकडे परिसंवाद सुरू होईल.

आता थोडा इतिहास, कारण हा उद्योग किरकोळ नाही. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये किमान शिलकीचा दंड पुन्हा सुरू केला. नोव्हेंबरपर्यंतच्या आठ महिन्यांत तिने त्यातून सुमारे १,७७१ कोटी रुपये जमवले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तिचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. देशातली सर्वांत मोठी बँक, दोन शतकांची परंपरा, आणि तिमाहीच्या नफ्याहून मोठा आकडा आला तो ज्यांच्या खात्यात पैसे नव्हते त्यांच्याकडून! बोभाटा झाला, दंड कमी केला, मार्च २०२० मध्ये अटच काढून टाकली. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत प्रश्न विचारला गेला आणि अर्थ राज्यमंत्री भागवत कराड, म्हणजे आपल्या संभाजीनगरचे डॉक्टर, यांनी उत्तर दिलं: सरकारी बँका आणि पाच मोठ्या खाजगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिलकीच्या दंडापोटी २१ हजार कोटींहून जास्त, जादा एटीएम व्यवहारांपोटी आठ हजार कोटींहून जास्त आणि एसएमएसपोटी सहा हजार कोटींहून जास्त वसूल केले. एसएमएसपोटी सहा हजार कोटी! तिमाहीला पंधरा रुपये आणि कर, असे १७ रुपये ७० पैसे कापल्याचा एसएमएस येतो, तो याच पैशांतून पाठवलेला असतो.

नियम नाहीत असं नाही. एप्रिल २०१५ पासूनच रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय की दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आधी ग्राहकाला कळवून महिन्याची मुदत द्यावी आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होऊ नये. शेवटच्या कलमात मला करुणा दिसते. ग्राहकाचे खिसे रिकामे करा, पण खिसे फाडू नका.

त्याच रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये मूलभूत बचत खात्याचीही सोय केली. किमान शिलकीची अट नाही, कार्डाला पैसे नाहीत, महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात आणि ते कुणालाही मागता येतं, गरिबीचा दाखला लागत नाही. अट एवढीच, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. आम्ही एका शाखेत हे खातं मागितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आधी आमच्या कपड्यांकडे आणि मग आतल्या साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "ते तुमच्यासाठी नाही, सर." बायकोने परिपत्रकाची छापील प्रत पुढे केली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि चहा मागवला. मामांना नंतर विचारलं, तुमच्या नोकरीत अशी खाती किती उघडलीत? म्हणाले, "कुणी मागितलं तर उघडत होतो." मग जरा थांबून, "कुणाला माहीत नव्हतं."

आता स्पर्धेविषयी. २०११ च्या ऑक्टोबरात बचत खात्याच्या व्याजावरचं नियंत्रण उठलं. त्याआधी दर चार टक्के ठरलेला होता. मोकळीक मिळाल्यावर काही लहान बँकांनी सहा-सात टक्के देऊन पाहिले, मोठ्या बँका तेव्हा चारवर ठाम होत्या. आज त्याच मोठ्या बँका, प्रत्येकीने स्वतंत्र विचार करून, अडीचच्या आसपास पोचल्या आहेत. थोरांचे विचार जुळतात.

शुल्कांच्या बाबतीत मात्र २०२५ मध्ये खरोखर काही घडलं, हे मान्य करायला हवं. जूनपासून कॅनरा बँकेने किमान शिलकीचा दंड काढला, जुलैत पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा आणि चेन्नईचीच इंडियन बँक, ऑक्टोबरात इथलीच इंडियन ओव्हरसीज. सरकारी बँका एकामागून एक पाघळत असताना आयसीआयसीआय बँकेने १ ऑगस्टपासून महानगरातल्या नव्या खात्यांची अट दहा हजारांवरून पन्नास हजारांवर नेली. दोन आठवड्यांच्या आत आरडाओरड होऊन ती पंधरा हजारांवर आली. दहाचे पंधरा झाले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पन्नास मागून पंधरा घेण्याची ही रीत आमच्याकडे मंडईत चालते, पण तिथे गिऱ्हाइकालाही घासाघीस करता येते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी या गदारोळात सांगितलं, की किमान शिल्लक किती हा बँकांचा प्रश्न, नियामकाचा नाही. म्हणजे पटत नसेल तर दुसरीकडे जा.

जा म्हणणं सोपं आहे. पाऊस येणार म्हटलं की वेलचेरीची माणसं आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. २०२४ च्या ऑक्टोबरात पुलाच्या दोन्ही कडांना लागलेल्या मोटारींच्या रांगा देशाने टीव्हीवर पाहिल्या. पाण्याने शिकवलेला धडा हे गाव विसरत नाही. शुल्कवाढीचा अंदाजही महिनाभर आधी येतो, पण खातं नेऊन लावावं असा पूल कुठे आहे? मोबाइल क्रमांक कंपनी बदलूनही तोच ठेवण्याची सोय आपल्याला २०११ पासून आहे. बँक खात्याचा क्रमांकही असाच नेता यावा, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७ मध्ये म्हणाले होते. ग्राहक मग एक शब्द न बोलता निघून जाईल, असा त्यांचा सूर होता. बँकांनीही त्यावर एक शब्द काढलेला नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सात कामकाजी दिवसांत खातं, त्यावरच्या सगळ्या वसुल्यांसकट, नव्या बँकेत जातं. आपल्याकडे यूपीआयने भाजीवाल्याला दोन सेकंदांत पैसे जातात. माणूस जात नाही.

आमची नवी बँक आम्हाला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवीकडे करायला लावून चहा निवायच्या आत मिळाली. सरकारी, किमान शिलकीची अट नसलेली. मग जुन्या खात्याला कोण कोण बिलगलंय त्याची यादी सुरू झाली. गृहकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी, विजेचं बिल, गॅसचं अनुदान, प्राप्तिकराचा परतावा, पीएफ. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा आणि प्रत्येकाला एक रद्द केलेला चेक हवा. नव्या बँकेच्या चेकबुकात मोफत पानं दहा. ती सगळी रद्द करून झाल्यावर अकराव्या पानाला शुल्क. विम्याच्या हप्त्याचा बदल पुढच्या तिमाहीत होणार, कर्जाच्या हप्त्यासाठी दोन्ही सह्या एकाच वेळी हव्यात आणि तोपर्यंत जुनं खातं बंद करता येत नाही. बंद करायचं तेव्हा उरलेले चेक, दोन तुकडे केलेलं कार्ड आणि पंधरा वर्षांपूर्वीची सही घेऊन जायचंय. तेव्हाची माझी सही आशावादी होती, शेवटी लांब शेपटी होती. सध्या ती घटवतो आहे.

तर हल्ली आमच्याकडे स्वस्त बँकेतलं खातं आहे आणि महाग बँकेतलंही. पगार नव्यात जातो, हप्ते जुन्यातून निघतात, त्यामुळे जुन्याची सरासरी घसरली आणि मीटर पुन्हा पडला. परवा त्या बँकेतून एका मुलाचा अत्यंत आपुलकीचा फोन आला. "सर, तुमची शिल्लक कमी होतेय असं आमच्या लक्षात आलंय. तुम्ही आमचं वरच्या श्रेणीचं खातं का घेत नाही? त्यात किमान शिल्लक एक लाख आहे, पण चेकबुक मोफत."

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "पानं किती?"