थोरल्याचं काही खरं नाही म्हणतात

“वहिनी, तुमच्याकडेपण आली का हो ती नोटीस?”

अण्णांनी असं विचारलं की पहिल्यांदा घरपट्टीच आठवते. मेंदीच्या कुंपणापलीकडे ते नळी धरून उभे होते. पाणी जास्वंदीला कमी आणि आमच्या वाळत घातलेल्या चादरींना जास्त.

“कसली नोटीस?”

“कॉम्प्युटरवर. अख्खा पडदा व्यापून येते. विंडोज 10 चे दिवस भरले, आता पुढची सोय बघा, अशा अर्थाचं काहीतरी.”

आली होती. ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे अशा बऱ्याच जणांकडे आली. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 ची नेहमीची देखभाल थांबवली. कॉम्प्युटर चालू राहतो, पण नवं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येत नाही. विंडोज 11 घ्यावं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ती पिढी बाजारात आली 2017 मध्ये. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून कॉम्प्युटर घेतला 2016 ला.

“मग काय, भंगारात?”

“इतक्यात नको. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात, तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर फुकट मिळतात. ऑक्टोबर 2026 पर्यंत.”

“म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत,” अण्णा म्हणाले आणि नळी खाली टाकली. नळी खाली टाकली की समजायचं, आता अर्धा तास गेला.

त्यांचं म्हणणं एकच, विंडोज संपलं. भाच्यानं त्यांना आकडे दिले होते. 2009 च्या सुमाराला जगातल्या शंभर कॉम्प्युटरांतले पंच्याण्णव विंडोजवर चालायचे, आता सत्तरच्या आसपास. मी म्हटलं, “अण्णा, सत्तर म्हणजे संपलं? आपल्याकडे पस्तीस टक्के मतं पडली तरी गुलाल उधळतात.”

“उतरण सुरू झाली ना पण!”

एवढ्यात काकू ओट्यावरून बाहेर आल्या, हातात निवडायची मेथी. “अहो, तुमचा तो कॉम्प्युटर लावायला कोण जातंय? लाइटबिल, गॅस, मुलाशी बोलणं, सगळं माझं फोनवर होतं.”

खरं सांगायचं तर काकूंनी एका वाक्यात जे सांगितलं ते अण्णांच्या भाच्याला आकड्यांत सापडलं नव्हतं. फोन आणि कॉम्प्युटर एकत्र मोजले, तर इंटरनेटवरचा पहिला नंबर विंडोजनं 2017 मध्येच गमावला. स्टॅटकाउंटरच्या त्या मार्चच्या मोजणीत अँड्रॉइड अगदी केसभर पुढे गेलं. बरं, मायक्रोसॉफ्टनं हातपाय हलवले नाहीत असंही नाही. 2013 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घ्यायचं ठरवलं आणि दोनच वर्षांनी साडेसात अब्ज डॉलरच्या वर रक्कम बुडीत खात्यात टाकली. ‘बुडीत खातं’ ऐकून अण्णांचे डोळे चमकले. जन्म बँकेत गेला त्यांचा.

आणि बँकेवरनं त्यांना एटीएम आठवलं. “वहिनी, लोक रांगेत उभे राहून ज्या यंत्रात कार्ड घालायचे ना, त्यातल्या कितीतरी यंत्रांच्या पोटात काय होतं सांगू? विंडोज एक्सपी! कंपनीनं त्याची देखभाल बंद केली एप्रिल 2014 मध्ये. आणि रिझर्व्ह बँकेला जून 2018 मध्ये परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं, की बाबांनो, टप्प्याटप्प्यानं बदला, जून 2019 च्या आत सगळी यंत्रं झाली पाहिजेत. म्हणजे बघा, मेल्यावर पाच वर्षं नोटा मोजत होतं ते!”

“मग अण्णा, जे मेल्यावर पाच वर्षं नोटा मोजतं, ते संपलं कसं म्हणता?”

अण्णा जरा थबकले. आपण स्वतःच्याच विरुद्ध साक्ष दिली हे माणसाच्या लक्षात येतं तेव्हा तो हमखास झाडाची वाळकी पानं काढायला लागतो.

मी एवढ्या ठामपणे बोलते त्याला कारण आमची प्रेस. कोपऱ्यात एक एक्सपीचा डबा अजून चालू आहे. इंटरनेटची वायर काढून टाकलेली, वर प्लास्टिकचं कव्हर, उदबत्तीही त्यालाच पहिली. त्यावर पेजमेकर 7 आहे, 2001 चं. अडोबीनं त्यानंतर पेजमेकरची नवी आवृत्तीच काढली नाही. त्यात आजची युनिकोड मराठी चालत नाही. जुने फाँट चालतात, ज्यांत आत खरं तर कुठलंसं रोमन अक्षर असतं आणि दिसायला ‘क’ दिसतो. अण्णांच्या घराण्याचा कुलवृत्तांत आम्हीच 2003 मध्ये छापला. आता त्यांना दुसरी आवृत्ती काढायची आहे. ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, तर अण्णांचे पणजोबा म्हणजे दोन कंस, एक पौंडाचं चिन्ह आणि डोक्यावर टिंबं असलेला इंग्रजी ए. फाँट बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडेच लागते. ‘मार्गशीर्ष’ची जी दशा होते ती बघवत नाही, आणि कुलवृत्तांत म्हटला की पानापानावर तिथ्या आणि महिने. चारशे पानं पुन्हा डोळ्यांखालून घालायची कुणी? त्यापेक्षा तो डबा जिवंत ठेवणं स्वस्त.

विंडोजला देवनागरी येत नव्हती असं नाही हं. विंडोज 2000 पासून मंगल फाँटासकट येते. पण तोवर छपाईच्या धंद्याचा हात जुन्या फाँटांवर बसला होता. बसलेला हात उठत नाही.

आमच्या गावात विंडोजवर कुणाचं प्रेम वगैरे मी तरी पाहिलेलं नाही. सीए विंडोजवर आहे कारण टॅली. टेंडर भरणारा कंत्राटदार विंडोजवर आहे कारण डिजिटल सहीची ती यूएसबी कांडी, जिच्यासोबत येणाऱ्या सूचना विंडोज गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. आणि आम्ही विंडोजवर आहोत कारण अण्णांचे पणजोबा. तेव्हा टक्केवारीचा आलेख काय म्हणतो यापेक्षा टॅली, कांडी आणि फाँट या तीन खुंट्या कधी सैल होतात, तिकडे मी बघते.

“पण ही सवय लागली कशी, ते विसरू नका,” अण्णा म्हणाले. “पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन कॉम्प्युटर जुळवून आणायचा, आणि दुकानदार आपणहून विंडोज ‘टाकून’ द्यायचा. पावतीवर ओळसुद्धा नसायची.”

खरं आहे. आणि मालकाला हे ठाऊक नव्हतं असं समजू नये. चीनमध्ये लोक सॉफ्टवेअर चोरतात यावर बिल गेट्स 1998 मध्ये उघडपणे बोलले होते. चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत, सवय लागली की पुढच्या दहा वर्षांत पैसे कसे घ्यायचे ते बघू, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडे तर सवय लावायला शासनच धावून आलं. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि गावोगावच्या लाखो मुलांनी कॉम्प्युटर म्हणून जे पाहिलं ते विंडोज. केरळानं मात्र शाळांमध्ये लिनक्स नेलं आणि टिकवलं. मल्याळी मुलांचं त्यानं काही अडलं असं ऐकिवात नाही.

“जर्मनीतपण तेच चाललंय,” काकू मध्येच म्हणाल्या. धाकटा हॅम्बुर्गला असल्यापासून जर्मनीच्या बातम्या आमच्याकडे काकूंकडूनच येतात. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हॅम्बुर्गला लागूनच श्लेस्विग-होल्स्टाइन म्हणून राज्य आहे. तिथल्या सरकारनं 2024 मध्ये तीसेक हजार कॉम्प्युटरांवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून लिबरऑफिस आणायचं ठरवलं, मागोमाग विंडोजच्या जागी लिनक्स. अण्णांनी लगेच विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मग मला म्युनिक काढावं लागलं. म्युनिक महापालिकेनं 2003 मध्ये असंच ठरवलं होतं, दहा वर्षं खपून पंधराएक हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, आणि 2017 मध्ये ठराव केला, परत विंडोज.

“सासरहून परत आली म्हणायची,” काकू मेथी निवडत म्हणाल्या.

पण अण्णा ऐकणारे नव्हते. “आकडे सोडा. घरातलं सांगतो तुम्हाला.” आवाज खाली आला. अण्णांचा आवाज खाली आला की बातमी पक्की. “मायक्रोसॉफ्टचं घर श्रीमंत आहे, पण कुणाच्या जिवावर? जून 2025 ला संपलेल्या वर्षात विक्री 281 अब्ज डॉलर. त्यात अझूर, म्हणजे ते क्लाउडचं, ते एकटंच 75 अब्जांच्या वर. आणि विंडोज? कंपनीच्या यंत्रांची विक्री त्यात धरूनसुद्धा सतरा अब्जांच्या आसपास. रुपयातले सहा पैसे हो, वहिनी!”

इथे मात्र मी गप्प झाले. बँकवाल्याशी ताळेबंदावर वाद घालू नये. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. जुन्या घरात थोरल्याचं होतं ना, तसं झालंय विंडोजचं. घर उभं त्यानं केलं, दारावर पाटी अजून त्याचीच, पण घर चालतं धाकट्याच्या पगारावर. जेवायला बसताना आई हाक धाकट्याला मारते. थोरल्याला कुणी उपाशी ठेवत नाही, फक्त त्याला काय हवंय हे कुणी विचारत नाही.

2018 च्या मार्चमध्ये कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी विंडोजचा स्वतंत्र विभाग मोडला. अर्धी माणसं क्लाउडवाल्यांकडे, अर्धी ऑफिसवाल्यांकडे. ज्या विंडोज 95 साठी ऑगस्ट 1995 मध्ये लोक मध्यरात्री दुकानांपुढे रांगा लावून उभे होते, त्याच्या वारसाला कंपनीत स्वतःची खोली उरली नाही. सात वर्षांनी, 2025 च्या सप्टेंबरात, ती माणसं पवन दावुलुरी यांच्या हाताखाली पुन्हा एकत्र आणली. आणखी एक गंमत. ज्या लिनक्सला कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर 2001 मध्ये कॅन्सर म्हणाले होते, तेच आज अझूरवरच्या निम्म्याहून जास्त कामाचा भार उचलतंय. म्हणजे धाकट्यानं लग्न केलं तेही वैऱ्याच्या घरात, आणि सगळं सुखात चाललंय.

“आणि आता थोरल्याला एआयचा अंगरखा घालतायत,” अण्णा म्हणाले. “ते रीकॉल का काय, ऐकलंत ना? पडद्यावर जे जे दिसेल त्याचे दर काही सेकंदांनी फोटो काढून ठेवायचे, म्हणजे नंतर शोधता येईल.”

ऐकलं होतं. मे 2024 मध्ये जाहीर केलं, सुरक्षेची माहिती असणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की मागे घ्यावं लागलं, मग 2025 च्या एप्रिलमध्ये ‘हवं असेल तर चालू करा’ अशा अटीवर परत आणलं. काकू म्हणाल्या, “कोण काय करतं ते कळायला एवढा खर्च कशाला? खिडकीत बसलं की दिसतं.” यावर आम्ही दोघं काय बोलणार!

मला खटकतं ते हेच. माणसांना हवंय काय, तर जुना कॉम्प्युटर चालावा, प्रिंटर ओळखावा, बोलावल्याशिवाय कुणी मध्ये येऊ नये. दावुलुरींनी 2025 च्या नोव्हेंबरात जाहीर लिहिलं, की विंडोज आता एआय एजंट चालवणारी प्रणाली होत चाललीय. खाली लोकांनी जी उत्तरं दिली ती त्यांना झोंबली असणार. कुणी मागितलं होतं?

तरीपण संपलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक अपडेट फसला आणि विंडोजचे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. आणि मायक्रोसॉफ्टच्याच हिशेबानं ते सगळ्या विंडोज कॉम्प्युटरांतले एक टक्कादेखील नव्हते. एक टक्का आजारी पडला तर विमानं थांबतात, मग उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय करायचं?

“ते जगाचं जग बघेल,” अण्णा म्हणाले. “मी लिनक्स मिंट टाकतोय. भाचा रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येणार आहे.”

“टाका की. तुमच्या यंत्रावर छान चालेल. पण पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काय? ते अंगठ्याचं यंत्र घेतलंयत ना तुम्ही? जीवन प्रमाणचा प्रोग्रॅम विंडोजवर नाहीतर अँड्रॉइडवर.”

अण्णांनी हा विचार केलेला नव्हता. पण हार मानतील तर अण्णा कसले. “हिच्या फोनवर देईन. आता नुसता चेहरा दाखवला की होतं म्हणे.”

“आधी माझं रिचार्ज मारा,” काकू मेथी घेऊन आत जात म्हणाल्या, “मग दाखवा काय दाखवायचं ते.”