न लुटलेलं घर

सुरतेच्या लुटीचा विषय निघाला की आपल्याकडे कुणाची हवेली धुऊन निघाली याची यादी तोंडपाठ असते. वीरजी व्होरा, हाजी सय्यद बेग, झालंच तर किल्ल्यात दडी मारून बसलेला सुभेदार इनायतखान. न लुटलेल्या घरांची चौकशी कुणी करत नाही.

1664 च्या जानेवारीत अशीही घरं होती. फ्रेंच डॉक्टर बर्निये तेव्हा मोगलांच्या पदरी होता. त्यानं ऐकून लिहून ठेवलंय की, शिवाजी महाराजांनी कॅपुचिन पाद्री फादर ॲम्ब्रोज यांच्या घराला हात लावला नाही. कारण? फिरंगी पाद्री भले लोक आहेत, एवढंच. दुसरं घर डचांच्या एका हिंदू दलालाचं. आपली पुस्तकं त्याला मोहनदास पारेख म्हणतात. गडी मेलेला होता, पण हयातीत दानधर्म भरपूर केलेला, म्हणून घर वाचलं. एक कॅथलिक, एक हिंदू, आणि दोघांना एकच माप. पंथ कुठला, उपासना कुठली, याची विचारपूस नाही.

इंग्रजांची वखारही वाचली म्हणा. पण ती वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडननं बंदुका रोखल्या म्हणून. माणूस धीराचा, यात वाद नाही. कंपनीनं त्याला सोन्याचं पदक दिलं. भक्तीतही वखार मागे नव्हती: रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, रविवारी जास्त. तरी पाद्र्याचं घर न लढता वाचलं आणि प्रार्थनावाल्यांना तोफा लागल्या, हा फरक राहतोच. पुढे ऑक्सेंडन आणि त्याच्या भावावर कतारगाम दरवाजापाशी दुमजली, घुमटाची कबर उठली. मग डच कसे मागे राहतील? त्यांनी आपल्या व्हान रीड नावाच्या अधिकाऱ्यावर तिच्याहून भव्य चढवली. गावाला काय दिलं, याची चढाओढ झाल्याचं ऐकिवात नाही.

आता आमची ख्रिस्ती मंडळी याकोबाचं पत्र दर वर्षी वाचतात. कर्माशिवाय विश्वास मेलेला, हे तिथं स्वच्छ लिहिलंय. वाचून झालं की पुस्तक मिटतात. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीचं आमंत्रण टाळणारे तिघे तरी बरे: एकानं शेत घेतलं होतं, दुसऱ्यानं बैल, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं. निदान कारणं ठोस. आमची कारणं म्हणजे मार्चएंडिंग, पोरांची बोर्डाची परीक्षा, आणि हमखास चालणारं 'कमिटीपुढं ठेवू'.

आजच्या सुरतेत, उधन्यात, लिंबायतीत खानदेशातून आलेली माणसं लूमवर राबतात. समजा, त्यातल्या एकाचा हात मशीनमध्ये गेला. निरोप लगेच येतो, "भाऊ, आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतोय." सिव्हिलपर्यंतचं रिक्षाभाडं कोण देणार, एवढं विचारा. उत्तर येतं, "आमेन."